रानातील एकांत आणि सृष्टीच्या आयती

हजरत अब्दुल्लाह बिन अब्बास (रजि.) लहान असताना एकदा आपल्या मावशीच्या, म्हणजेच श्रद्धावंतांच्या माता हजरत मैमूना (रजि.) यांच्या घरी मुक्कामास राहिले होते. त्या रात्री त्यांनी जे पाहिले ते सहीह बुखारीत नोंदले गेले आहे. रात्रीचा उत्तरार्ध झाला तेव्हा आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) उठून बसले. त्यांनी आकाशाकडे पाहिले आणि सूरह आल-ए-इमरानच्या अखेरच्या आयतींचे पठण केले. आकाश व पृथ्वीच्या निर्मितीत आणि रात्र-दिवसाच्या येण्या-जाण्यात बुद्धिमंतांसाठी खुणा आहेत, असा त्या आयतींचा आरंभ आहे. त्यानंतर त्यांनी वुजू केला व नमाजला उभे राहिले.

ही हदीस आपण तहज्जुदच्या संदर्भात अनेकदा ऐकतो. तिच्यातील क्रमाकडे मात्र आपले लक्ष सहसा जात नाही. पहिल्यांदा नजर आकाशाकडे गेली, नजरेने आयत ओठांवर आणली आणि आयतीने पाण्याकडे व नमाजकडे नेले. या क्रमाचा विचार करण्याची वेळ माझ्यावर गेल्या हिवाळ्यात आली, तीही एका तक्रारीमुळे.

आमच्या मशिदीतील एका ज्येष्ठ नमाजींनी जुम्यानंतर मला थांबवून आपल्या मुलाविषयी सांगितले. मुलगा महाविद्यालयात शिकतो. त्याने शिकवण्या घेऊन पैसे साठवले आणि जुना कॅमेरा घेतला. आता तो रविवारी पहाटे घरातून निघतो, तलावांच्या काठी एकटाच फिरतो आणि फजरच्या जमाअतला दिसत नाही. “हाफिजजी, हे हराम आहे असे तुम्ही एकदा त्याला स्पष्ट सांगा. माझे तो ऐकत नाही,” असे त्यांचे म्हणणे होते. मुलगाही पाठोपाठ आला. त्याने वाद घातला नाही. तो एवढेच म्हणाला, “मौलाना, अब्बांना वाटते मी भटकतो. पण मला तिथे अल्लाह जास्त आठवतो. इथे सफमध्ये उभा असतो तेव्हा मन दुकानात असते.”

दोघांपैकी एकाच्या बाजूने तत्काळ फतवा देणे सोपे होते. मी दोघांकडून पंधरा दिवसांची मुदत मागितली आणि मुलाकडून कॅमेरा मागून घेतला.

या प्रश्नाची फिक्हची बाजू प्रथम मांडतो. प्रतिमा घडविणाऱ्यांविषयी हदीसग्रंथांत कडक इशारे आले आहेत. ज्याने सजीवाची प्रतिमा घडविली त्याला पुनरुत्थानाच्या दिवशी तिच्यात प्राण फुंकण्यास सांगितले जाईल आणि ते त्याला जमणार नाही, असा त्यांचा आशय आहे. अल-मुसव्विर, म्हणजेच रूप देणारा, हे नाम सूरह हश्रच्या अखेरच्या आयतीत अल्लाहसाठी आले आहे आणि त्या कार्यात माणसाने स्पर्धा मांडू नये, हे या इशाऱ्यांचे मर्म आहे. कॅमेरा आला तेव्हा हे इशारे त्यालाही लागू होतात काय, यावर उलमांत मतभेद झाले. इजिप्तचे मुफ्ती शेख मुहम्मद बखीत अल-मुतीई (मृत्यू १९३५) यांनी स्वतंत्र पुस्तिका लिहून अशी मांडणी केली की, छायाचित्रात माणूस नवे रूप घडवीत नाही, अल्लाहने घडविलेल्या रूपाची पडलेली छाया धरून ठेवतो. आपल्या उपखंडातील बहुसंख्य उलमांना हे पटले नाही. त्यांनी सजीवांच्या छायाचित्राला ओळखपत्र, पासपोर्ट अशा गरजेपुरतीच मुभा दिली. डिजिटल कॅमेऱ्याच्या काळात काही उलमांनी पडद्यावरील चित्र व कागदावरील चित्र यांत फरक केला. मी स्वतः सावध मताचा आहे. दुसऱ्या मतावर चालणाऱ्या भावाला मात्र मी गुन्हेगार ठरवीत नाही.

यात एक गोष्ट निर्विवाद आहे. चित्रांवर उपजीविका करणारा एक मनुष्य हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांच्याकडे आला होता. त्यांनी त्याला हदीस ऐकविली तेव्हा तो हादरून गेला. मग त्यांनीच त्याला मार्ग दाखविला की, हेच काम करायचे असेल तर झाडांचे आणि ज्यांत प्राण नाही अशा वस्तूंचे कर. म्हणजे झाडे, पाणी, धुके, डोंगर, ढग, पाऊलखुणा यांचे क्षेत्र वादाच्या बाहेर आहे. ज्याला आपले चंद्रपूर-गडचिरोलीचे रान ठाऊक आहे, त्याला हे क्षेत्र किती मोठे आहे ते सांगावे लागू नये. सागाचे एक वाळलेले पान मांडीवर घेऊन बसले तरी दुपार सरते. रानातील प्रत्येक गळणारे पान अल्लाहच्या ज्ञानात आहे असे सूरह अनआमच्या ५९व्या आयतीत सांगितले आहे. माघ-फाल्गुनात आमच्याकडचे साग-तेंदूचे रान पाहिले की या आयतीचा आवाका डोळ्यांना थोडासा कळतो.

म्हणून मी ठरविले की आपण जायचे, आणि सजीवाचे चित्र घ्यायचे नाही.

जाण्याचे ठरविल्यावर दुसरा प्रश्न पुढे आला आणि तो पहिल्यापेक्षा अधिक गंभीर होता. एकट्याने जावे काय? एकटेपणात काय धोका आहे हे लोकांना कळले तर कोणी स्वार रात्री एकटा प्रवास करणार नाही, असे प्रेषितांनी (स.) बजावल्याची हदीस हजरत इब्ने उमर (रजि.) यांच्याकडून बुखारीत आली आहे. आपल्या हातांनी स्वतःला विनाशात लोटू नका, अशी ताकीद सूरह बकराच्या १९५व्या आयतीत आहे. त्या आयतीचा मूळ संदर्भ अल्लाहच्या मार्गात खर्च करण्याचा आहे, तरी उलमांनी तिचा अर्थ व्यापक घेतला आहे. हे सगळे आमच्या जिल्ह्यात कागदावरचे राहत नाही. ताडोबा १९५५मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, १९९५मध्ये ताडोबा व अंधारी मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. परंतु वाघाला ही रेषा माहीत नाही. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल या तालुक्यांत आणि वैनगंगेपलीकडे गडचिरोलीच्या आरमोरी भागात शेतात, रानाच्या कडेला वाघाने माणसे मारल्याच्या बातम्या आपण वाचतोच. मरणारे बहुधा कोण असतात? चैत्रात पहाटेच्या अंधारात मोहफुले वेचायला गेलेली बाई. वैशाखात तेंदूपाने तोडणारा मजूर. गुरे वळणारा म्हातारा.

हे लिहिताना मला थांबावे लागते. आपण ‘निसर्गात एकांत’ असे म्हणतो तेव्हा तो एकांत आपण हौसेने निवडलेला असतो. मोहाच्या झाडाखाली वाकलेल्या त्या बाईला तो निवडता येत नाही. तीही फजरच्याच वेळी घरातून निघालेली असते. रानात जाऊन अल्लाहच्या खुणा शोधणाऱ्याने या माणसांना खुणांच्या यादीतून वगळू नये.

तात्पर्य, मी एकटा गेलो, पण मोकाट गेलो नाही. जुनोना तलाव आमच्या शहरापासून फार दूर नाही. त्याच्या भोवती रान आहे आणि त्या रानात वाघाचा वावर आहे. मी घरी ठिकाण व परतण्याची वेळ सांगितली. गावातील एका वृद्ध गोंड गृहस्थांची माझी जुनी ओळख होती. आदल्या दिवशी त्यांना विचारून घेतले. त्यांनी पाळीवरची मोकळी जागा दाखविली आणि पाळ सोडून झाडीत शिरायचे नाही असे बजावले. सकाळी उजाडल्यावर आपण स्वतः येऊ, असेही ते म्हणाले. प्रतिबंधित क्षेत्रात परवानगीशिवाय जाणे तर प्रश्नच नव्हता. ज्या शासनाचे नियम आपण मान्य करून राहतो त्या नियमांचे पालन हा करारपालनाचा भाग आहे आणि कराराची पूर्तता करा ही कुरआनची आज्ञा आहे.

जानेवारीतील पहाट होती. तलावाच्या पाण्याने वुजू करताना बोटे बधिर झाली. अजान द्यावी की नाही, असा विचार क्षणभर आला, कारण ऐकायला कोणीच नव्हते. मग हजरत अबू सईद खुदरी (रजि.) यांची आठवण झाली. शेळ्या-मेंढ्या आणि रान आवडणाऱ्या एका मनुष्याला त्यांनी सांगितले होते की, तिकडे असशील तेव्हा अजान उंच स्वरात दे, कारण मुअज्जिनचा आवाज जिथवर पोहोचतो तिथवरचे जिन्न, माणसे आणि प्रत्येक वस्तू पुनरुत्थानाच्या दिवशी त्याची साक्ष देईल. मी अजान दिली. पहिल्या तकबीरनंतर टिटवी ओरडली. इतर कोणी दखल घेतली नाही. मशिदीत ध्वनिवर्धकावर रोज अजान देणाऱ्या माणसाला आपला उघडा आवाज किती लहान आहे हे त्या पाळीवर समजते.

आता जे घडले ते सांगायला संकोच वाटतो, पण त्याच्यावाचून हा लेख लिहिण्यात अर्थ नाही.

आपल्या भागातून किब्ला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेला आहे. त्यामुळे फजरच्या नमाजमध्ये आपली पाठ नेहमी पूर्वेला असते. मशिदीत भिंती असतात म्हणून हे जाणवत नाही. पाळीवर ते फार जाणवले. समोर रानाची काळी कड होती आणि पाठीमागे पाणी व उजळणारे आकाश. अंधार फिकट होत चालल्याचे मला समोरच्या झाडांच्या बुंध्यांवर दिसत होते. दुसऱ्या रकअतीत उभा असताना पाठीमागे एकदम मोठा आवाज झाला. अडई बदकांचा थवा पाण्यावरून उठला असावा. शेकडो पंखांचा आवाज आणि त्यांची ती शीळ डोक्यावरून गेली. त्या क्षणी माझे संपूर्ण शरीर मागे वळू पाहत होते. मान वळली नाही. मन मात्र वळले. कॅमेऱ्याची पिशवी उजव्या हाताला कुठे ठेवली आहे, तिची चेन उघडी आहे की बंद, उजेड पुरेल काय, हे सारे मी कियाममध्ये मोजून घेतले. त्या रकअतीत मी कोणती सूरह पढलो हे मला आजही आठवत नाही.

नमाजमध्ये इकडेतिकडे पाहण्याविषयी हजरत आयेशा (रजि.) यांनी विचारले असता, ती सैतानाने सेवकाच्या नमाजमधून मारलेली झडप आहे, असे प्रेषितांनी (स.) सांगितले होते. मी पुष्कळ वेळा ही हदीस मुलांना शिकविली आहे. झडप म्हणजे काय ते मला त्या सकाळी कळले.

सलाम फेरला आणि मी तस्बीह न करता उठलो. फजरनंतर सूर्य चांगला वर येईपर्यंत प्रेषित (स.) आपल्या जागी बसून राहत, असे हजरत जाबिर बिन समुरा (रजि.) सांगतात. छायाचित्रकार ज्या उजेडासाठी जीव टाकतात, तो नेमका याच वेळेचा असतो. सूर्य क्षितिजावर येतो ती घटका नमाजसाठी निषिद्ध आहे आणि त्याच्या आधीची वेळ स्मरणाची. माझ्या हातात तेव्हा कॅमेरा होता. पुढच्या वीस-पंचवीस मिनिटांत मी दीडशेच्या आसपास चित्रे घेतली. धुक्याची घेतली, पाण्यात उभ्या वाळक्या खोडांची घेतली, आणि फिरून आलेल्या थव्याचीही घेतली. सजीवाचे चित्र घ्यायचे नाही हा माझा निर्णय होता, कोणी लादलेला नव्हता. तो मी अर्ध्या तासात मोडला आणि मोडताना मला त्याचे भानही नव्हते.

सूरह माइदाच्या ९४व्या आयतीकडे मी तोवर केवळ हजच्या मसाइलमध्ये पाहिले होते. एहराममध्ये शिकार निषिद्ध असते. त्या अवस्थेत हात व भाले पोहोचतील इतक्या जवळ शिकार आणून अल्लाह श्रद्धावंतांची परीक्षा घेईल, जेणेकरून न पाहता त्याचे भय कोण बाळगतो ते उघड व्हावे, असा तिचा आशय आहे. शिकार दूर असती तर परीक्षा झालीच नसती. एकांताविषयी आपण फार गोड बोलतो. हिरा गुहेतील एकांत, एकांतात अल्लाहचे स्मरण होऊन डोळे भरून येणाऱ्या माणसाला सावली मिळण्याची हदीस, हे सर्व सत्य आहे. पण एकांत आपोआप पवित्र होत नाही. तिथे सफ नसते, शेजारचा नमाजी नसतो, आपली चूक पाहणारा कोणी नसतो. त्यामुळे आत जे आहे तेच बाहेर येते. मुलगा म्हणाला होता की सफमध्ये त्याचे मन दुकानात असते. माझे मन पाळीवर दुकानातच होते. फक्त माल वेगळा होता.

मग बॅटरी संपली. मुलाने सांगितले होते की थंडीत ती लवकर उतरते, मी जास्तीची नेली नव्हती. कॅमेरा पिशवीत गेला. करण्यासारखे काही उरले नाही म्हणून मी बसलो आणि राहिलेली तस्बीह सुरू केली.

सूरह मुल्कच्या तिसऱ्या-चौथ्या आयतीत पाहण्याची आज्ञा आहे आणि पुन्हा पाहण्याची आहे, आणि मग पुनःपुन्हा. नजर थकून परत येईल, त्रुटी सापडणार नाही, असे तिथे म्हटले आहे. मी आयुष्यात ही आयत किती वेळा पढलो असेन! दुसऱ्यांदा पाहण्याची पाळी बॅटरी संपल्यावर आली. समोर पाण्यात वाळलेल्या झाडाच्या फांदीवर एक पाणकावळा पंख पसरून बसला होता. तो बराच वेळ हलला नाही. त्याचे पंख पाण्याने भिजतात, म्हणून बुडी मारल्यावर तो असा उन्हात बसतो. भिजणारे पंख त्याला खोल बुडी मारण्यास सोयीचे पडतात आणि त्यांचाच भार वाळवीत त्याला बसावे लागते. बदकाला असे बसावे लागत नाही, त्याचे पंख पाणी धरीत नाहीत. एकाच तलावावर दोघांची रोजी वेगळी आणि तिच्यासाठी दिलेले पिसांचे वस्त्रही वेगळे. पंख पसरलेल्या पक्ष्यांचा उल्लेख करून सूरह नूरच्या ४१व्या आयतीत सांगितले आहे की, प्रत्येकाला आपली नमाज व आपली तस्बीह ठाऊक आहे. पाणकावळ्याचे पंख पसरणे हीच त्याची नमाज, असे काव्य मी येथे करणार नाही. ते पंख वाळविणेच आहे. त्याची तस्बीह आपल्याला समजत नाही असे सूरह बनी इस्राईलच्या ४४व्या आयतीत स्पष्ट म्हटले आहे, आणि जे समजत नाही म्हणून सांगितले आहे ते समजल्याचा आव आणू नये. मला इतकेच कळले की त्याला आपले काम ठाऊक होते आणि तासापूर्वी मला माझे ठाऊक नव्हते.

ऊन चढल्यावर ते वृद्ध गृहस्थ आले. परतीच्या वाटेवर एका ठिकाणी त्यांनी मला हाताने थांबविले. धुळीत वाघाचे पाऊल उमटले होते. “राती गेला जी,” ते म्हणाले. मी विचारले, रात्रीच कशावरून? त्यांनी काठीने दाखविले. पावलाच्या कडा अजून तुटल्या नव्हत्या, पण त्याच्यावरून सायकलचे चाक गेले होते. “वाघ आधी. सायकल सकारी गेली, दुधवाल्याची.” पुढे शेळीचे खूर होते, ते चाकाच्याही वर. म्हणजे शेळ्या दूधवाल्यानंतर गेल्या. चार हात धुळीत त्यांनी रात्रीपासून सकाळपर्यंतची हकीगत वाचून दाखविली. त्यांना अक्षरओळख नाही. मी दोन भाषांच्या पदव्या बाळगतो आणि मला त्या धुळीत केवळ धूळ दिसली होती.

आयत या अरबी शब्दाचा मूळ अर्थ खूण असा आहे. कुरआनचे वचनही आयत आणि सृष्टीतील खूणही आयत, दोन्हींसाठी एकच शब्द. अरबस्तानातील एका वाळवंटवासी बदूचा युक्तिवाद तफसीरग्रंथांत प्रसिद्ध आहे. लेंडी पाहून उंट गेल्याचे कळते, पाऊल पाहून चालणारा कळतो, मग एवढे आकाश आणि एवढी पृथ्वी आपल्या कर्त्याविषयी काही सांगत नाहीत काय? मदरशात हा युक्तिवाद आम्ही अकीद्याच्या पाठात पाठ केला होता. तो मुळात धूळ वाचता येणाऱ्या माणसाचा युक्तिवाद आहे, हे त्या वाटेवर ध्यानात आले. ज्याला लेंडी वाचता येते त्यालाच तो सुचतो. इमाम गझाली यांनी ‘इह्या’मध्ये तफक्कुरवर स्वतंत्र प्रकरण लिहिले आणि त्यात डोळा, हात, मधमाशी, पाणी यांची तपशीलवार वर्णने दिली, ती याचसाठी असावीत. नुसते ‘सुब्हानल्लाह, किती सुंदर’ म्हणणे हा तफक्कुरचा आरंभ आहे. त्याच्या पुढे अभ्यास आहे. आपल्याकडे इब्नुल-हैसम यांचे नाव अभिमानाने घेतले जाते. अंधाऱ्या खोलीत छिद्रातून येणाऱ्या प्रकाशाचे प्रयोग त्यांनी हजार वर्षांपूर्वी केले आणि आजच्या कॅमेऱ्याचे तत्त्व तेच आहे. मात्र ते त्या खोलीत तासन्‌तास उभे राहिले होते. आपण त्यांच्या नावापाशीच थांबतो. मुंबईत १८९६मध्ये जन्मलेले सालिम अली बालपणी पिवळ्या गळ्याची एक चिमणी हातात घेऊन ती कोणती हे विचारायला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि त्या एका प्रश्नाने त्यांचे आयुष्य ठरले. आपल्या घरात मुलाने असा प्रश्न विचारला तर आपण त्याला अभ्यासाला बसवतो.

मुलाशी नंतर माझे जे बोलणे झाले त्यातील बराच भाग पक्षी-प्राण्यांच्या हक्कांविषयी होता. अबू दाऊदमधील हदीस त्याला सांगितली. प्रवासात काही सहाबांनी एका लहान पक्षिणीची दोन पिले उचलली. ती पंख फडफडवीत घिरट्या घालू लागली. प्रेषित (स.) परतले तेव्हा त्यांनी विचारले की हिला हिच्या पिलांवरून कोणी दुःख दिले, आणि पिले परत ठेवायला लावली. घरट्यासमोरच्या फांद्या कापून ‘स्वच्छ’ चित्र घेणारे, पक्षी उडावा म्हणून दगड मारणारे छायाचित्रकार त्याने स्वतः पाहिले आहेत. वाघाच्या बाबतीत तर विचारू नये. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात पर्यटकांच्या वाहनांनी एका वाघिणीची व तिच्या बछड्यांची वाट दोन्ही बाजूंनी अडविली होती, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. त्या वाहनांतील प्रत्येकाने घरी जाऊन आपण निसर्गप्रेमी असल्याचेच सांगितले असेल. प्राणी व पक्षी हे तुमच्यासारखेच समुदाय आहेत, असे सूरह अनआमची ३८वी आयत सांगते. एखाद्या समुदायातील आईला मुलांसह रस्त्यात अडवून तिचे चित्र घेणे आपल्या मोहल्ल्यात आपण खपवून घेतले असते काय?

याउलट गडचिरोलीतील एक जागा मी त्याला अवश्य पाहायला सांगितली. आलापल्लीजवळ ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ नावाचा सुमारे सहा हेक्टरांचा रानाचा तुकडा आहे. १९५३पासून तो तोडीपासून राखला गेला आणि २०१४मध्ये त्याला जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला. सभोवती सागाचा व्यापार भरभराटीला असताना कोणीतरी ठरविले की एवढ्या भागाला कुऱ्हाड लावायची नाही. काही वर्षांपूर्वी एका निकाहसाठी अहेरीकडे गेलो होतो तेव्हा मी तिथे तासभर उभा होतो. मदीनेच्या हरमची झाडे तोडू नयेत व तिथे शिकार करू नये, अशी मर्यादा प्रेषितांनी (स.) घालून दिली होती, हे तिथे आठवले. मोबाइल बाहेर काढावासा वाटला नाही, एवढेच सांगतो.

रियाविषयी त्याच्याशी बोलण्याची गरज होती, पण ते मी थोडक्यात आटोपले, कारण त्या विषयात मला बोलण्याचा अधिकार फारसा नाही. शहीद, विद्वान आणि दानशूर या तिघांचा हिशेब सर्वांत आधी होईल आणि लोकांनी म्हणावे म्हणून केले, या कारणाने तिघेही हरतील, ही मुस्लिममधील हदीस त्याला ठाऊक होती. मी त्याला विचारले, चित्र घेतल्यावर ते लोकांना दाखविण्यापूर्वी तू किती वेळ स्वतः पाहतोस? तो हसला.

पंधराव्या दिवशी दोघे माझ्या खोलीत बसले. मी आधी माझी हकीगत सांगितली, दुसऱ्या रकअतीसह. वडील गप्प झाले. इमामाने असे काही कबूल करावे हे त्यांना आवडले नसावे. मग मी मुलाला सांगितले की, तुझी नजर तुला नमाजकडे नेत असेल तर तुझा दावा खरा आहे, आणि तिथे अल्लाह आठवतो म्हणून इथली जमाअत सोडत असशील तर नक्की कोण आठवतो ते तपासून पाहा. फजर जमाअतने पढ आणि मग नीघ. उजेड निघून जातो ही तुझी अडचण खरी आहे, कॅमेरा उचलल्यावर मलाही ती कळली. तरी महिन्यातून एखाद्या दिवशी तिथेच फजर पढायची असेल तर सोबत कोणीतरी असू दे, दोघांची जमाअत होते. एकट्याने झाडीत शिरू नको. घरी सांगितल्याशिवाय जाऊ नको. वडिलांना सांगितले की, मी याला हराम म्हणणार नाही. याने पक्ष्यांची चित्रे घेण्याच्या मतभेदात जे मत धरले आहे ते माझे नाही, पण ते उलमांचे मत आहे. तुमचा हक्क त्याच्यावर आहे आणि तुम्ही रागावलात ते त्याच्या जिवाच्या काळजीनेही रागावलात, हे त्याला तुम्ही कधी बोलून दाखविले नाही.

दोघांची जमाअत होते, हे वाक्य त्यांनी मनात धरले असावे. फेब्रुवारीतील एका रविवारी ते मुलाबरोबर गेले. त्यांचे गुडघे दुखतात म्हणून मुलाने घडीची खुर्ची नेली होती. परत आल्यावर जोहरच्या आधी त्यांनी मला गाठले आणि विचारले की, पाळीवरच्या पाण्यात शेवाळ होते, त्याने वुजू झाला की नाही? झाला, असे मी सांगितले. पाणी वाहते किंवा मोठ्या तलावाचे असेल आणि त्यात नापाकीचा रंग, चव किंवा वास आलेला नसेल तर शेवाळाने काही बिघडत नाही. मग थोडे थांबून त्यांनी विचारले, “आणि तो पंख पसरून बसतो तो काळा पक्षी, त्याला मराठीत काय म्हणतात?”